सरस्वतीच्या नावाची बाटली

उत्सव मंडळींना बाळकृष्णरावांवर माझ्याकडून दोन शब्द हवे आहेत. वर्षश्राद्धाला छापून वाटायचे आहेत म्हणे. तंजावुरात देवनागरी नीट लिहिणारी माणसं आता उरली आहेत कुठे? आमच्या घरांतल्या पोरांना मराठी कळते, पण बोलायची वेळ आली की ती तमिळमध्ये शिरतात आणि लिहायचं नाव काढलं की उठून जातात. म्हणून मुलींच्या शाळेतली मास्तरीण कृष्णवेणी, म्हणजे मी, सगळ्यांना आठवले. मंडळींचा चिटणीस शेषगिरी घरी आला, काप्पी प्याला आणि जाताना दारात थांबून म्हणाला, "चांगलं तेवढं लिहा, अक्का. ते जुनं प्रकरण नको."

चांगलंच लिहिते. शेषगिरी, तू आधी वाच आणि मग छापायचं की नाही ते ठरव. नाही छापलंस तर वर्षश्राद्धाला मी उभी राहून वाचून दाखवीन. माझा आवाज शाळेत तयार झालेला आहे, मागच्या पंगतीपर्यंत पोचतो.

बाळकृष्णराव माझा आत्येभाऊ. त्याची आई आणि माझे वडील सख्खी भावंडं. मी त्याच्याहून मोठी. पेरिय कोविलच्या, म्हणजे मोठ्या देवळाच्या आवारात त्याचं बोट धरून फिरवायचं काम माझ्याकडे असायचं, आणि तेव्हा तो बाळू होता. पुढे माझी धाकटी बहीण सरस्वती त्याला दिली. मामाची मुलगी आत्येच्या मुलाला, हे आमच्यात ठरलेलंच असतं. मी वयाने मोठी, म्हणून सुटले. माझं लग्न दुसरीकडे झालं, लवकरच संपलंही, आणि वडिलांनी मला मास्तरकीच्या ट्रेनिंगला घातलं. सरूच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बाळूने मला बाजूला घेऊन सांगितलं की आता 'बाळू' नको, बरं दिसत नाही. तेव्हापासून तो माझ्या तोंडी बाळकृष्णराव झाला, आणि 'तुम्ही' झाला. मेहुणा ना.

कलेक्टर कचेरीत कारकून होता. धोतर परीटघडीचं, कपाळाला गंध, आणि तोंडात सदा पान-तंबाखू. आमच्याकडची पानं कोवळी आणि नाजूक, तोंडात विरघळतात, म्हणून मोठे मोठे लोक ती मागवतात. याला ती पानं म्हणजे तंबाखू ठेवायची जागा होती. एक विडा संपला की दुसरा. बोलताना तो गालात सरकवायचा आणि म्हणायचा, "मी सांगतो."

हे त्याचं 'मी सांगतो' सगळ्या पश्चिम राजवीथीला माहीत होतं. कोणी कोणाला काहीही विचारो, उत्तर याचंच. भाजीवाली सरूला विचारते आहे, वांगी किती घालू, की मागून हा, "मी सांगतो." अंबा त्याची धाकटी बहीण. आईवडील गेल्यावर त्याच्याकडेच वाढली. तिला शाळेत नाव घालताना मी विचारलं, "काय गं, तुला कुठला विषय आवडतो?" तर हा म्हणाला, "मी सांगतो, हिशेब." पोरीला हिशेबाचा मनस्वी कंटाळा. लोक कौतुक करायचे, घरचा कर्ता असावा तर असा. माझ्या डोक्यात तिडीक उठायची. सरू हसायची. "जाऊ दे अक्का, बोलायचे कष्ट तरी वाचतात," ती म्हणायची.

आता आमच्या घराण्यातली एक गोष्ट. ती कोणी मोठ्याने बोलत नसे, म्हणून मी बोलते. आमच्या आजीचा चेहरा सकाळी उठल्यावर फुगलेला असायचा. मग पाय सुजायला लागले, मग ती गेली. तिचा एक मुलगा तसाच गेला. मूत्रपिंडाचा आजार, रक्तातून आलेला. आजी माझी आणि सरूचीही, बाळूची आणि अंबाचीही. तंजावूर, पापनाशम, कुंभकोणम, मद्रास सगळं धरून आमची घरं ती मोजकी आणि लग्नं त्याच घरांत व्हायची. एका घरात आजार आहे असं कळलं की त्या घरच्या सगळ्या मुली घरात बसल्याच म्हणून समजा. म्हणून मुलगी बघायला कोणी आलं की कर्त्याने पहिलं वाक्य म्हणायचं, आमच्या घरात कसलाही आजार नाही. संध्येसारखं पाठ असतं ते.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत सरूचे पाय सुजायला लागले. हा तिला तंजावुरात डॉक्टरला दाखवीना, कोणी बघितलं तर? गाडीने पापनाशमला नेलं. तिथल्या वैद्याने मीठ बंद केलं, काढे दिले आणि सूज उतरली. झालं. "वैद्याने मुळापासून काढला," असं हा सांगायला लागला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. बहिणीच्या पायांची सूज उतरलेली बघून कोणाला बरं वाटणार नाही?

एकसष्ट साली सरूला दिवस गेले. घरात आनंद होता, पण पोट भलतंच भराभर वाढलं आणि रक्त जायला लागलं. सरकारी हॉस्पिटलात नेलं तर कळलं की आत मूल नव्हतंच. द्राक्षांच्या घडासारखं काहीतरी वाढलं होतं, द्राक्षगर्भ म्हणतात त्याला. तो काढला. तरी रक्त थांबेना. पुन्हा तपासलं आणि डॉक्टर सांबशिवांनी सांगितलं की तिथे राहिलेल्या भागाचा कॅन्सर झाला आहे.

डॉक्टर सांबशिव सरळ माणूस. त्यांच्यावर माझा काडीचाही राग नाही, हे इथेच सांगून ठेवते. ते म्हणाले, "घाबरू नका अम्मा. कॅन्सरांत हा एक असा आहे की औषधाने पुरता बरा होऊ शकतो. नवीन औषध आहे, मद्रासहून मागवतो." मेथोट्रेक्सेट त्याचं नाव. पिवळ्या रंगाचं. मग ते खुर्ची पुढे ओढून बसले आणि सावकाश बोलले, तमिळमध्ये, आम्हा सगळ्यांना कळेल असं. हे औषध लघवीवाटे शरीराबाहेर पडतं. मूत्रपिंड धड असेल तर काम करून निघून जातं. मूत्रपिंडच कमजोर असेल तर ते आत साठतं, आणि कॅन्सरला मारायला दिलेलं औषध माणसालाच मारायला लागतं. "म्हणून विचारतो, अम्मा," ते सरूकडे बघून म्हणाले, "कधी पाय सुजले होते? चेहरा? लघवीची काही तक्रार?"

सरूने तोंड उघडलं होतं. मी दाराशीच उभी होते, मी पाहिलं.

"मी सांगतो," बाळकृष्णराव म्हणाला. "आमच्या घरात कसलाही आजार नाही."

बाहेर आल्यावर मी सरूला धरलं. पायांचं का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "चारचौघांत त्यांना खोटं कशाला पाडू, अक्का? डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितलीच आहे. उद्या सकाळी बाटली द्यायची आहे. मी नाही बोलले तरी ती बोलेल." मला पटलं. तोंडाने बोललं काय नि बाटलीतून बोललं काय, डॉक्टरांना कळल्याशी कारण.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरूने घरात बाटली भरून नवऱ्याच्या हातात दिली. तो ती घेऊन हॉस्पिटलात गेला. दुपारी उत्तर आलं, लघवी स्वच्छ. सरू आरशासमोर कुंकू लावत होती ती तशीच माझ्याकडे वळली. "अक्का, वैद्य खरा निघाला गं," ती म्हणाली. "खरंच मुळापासून गेलं." त्या दिवशी तिने अंबाकडून गोड पोंगल करून घेतला. औषध सुरू झालं, धडधाकट माणसाला देतात तेवढं.

पुढचं लिहायला मला त्रास होतो, पण लिहिणार. तिचं तोंड आलं. तोंड येणं म्हणजे आपलं उष्णतेने येतं तसं नव्हे. ओठ, जीभ, घसा, सगळीकडे कातडं सुटलं. थुंकी गिळता येईना. जुलाब लागले, हिरड्यांतून रक्त यायला लागलं, ताप चढला. पाणी पाजायला गेलं तर ती डोळ्यांनी नको म्हणायची. डॉक्टर सांबशिव बुचकळ्यात पडले. इतकं व्हायला नको, म्हणाले. त्यांनी बाळकृष्णरावाला व्हरांड्यात घेतलं, मी होतेच. "पुन्हा एकदा आठवून सांगा," ते म्हणाले, "मूत्रपिंडाचं काही? कधी काळीही? अजून वेळ आहे, काही करता येईल."

"रिपोर्ट तुम्हीच बघितलात की," हा म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "विचारा यांना, थोरली बहीण आहे. स्वच्छ होता ना रिपोर्ट, अक्का?"

आणि मी मान हलवली. रिपोर्ट स्वच्छ होताच, मी तरी काय करणार? पण माझ्या बहिणीच्या मरणाच्या कागदावर त्याने माझा अंगठा उठवून घेतला, आणि मला ते कळलंही नाही. सरू त्याच आठवड्यात गेली. शेवटी तिला काही बोलायचं होतं, पण त्या तोंडातून शब्द फुटला नाही.

दिवस झाले. पाहुणे गेले. अंबा मागच्या अंगणात भांडी घासत होती, मी पाणी ओतत होते. अंबा म्हणाली, "अक्का, एक विचारू? वहिनीची बाटली द्यायची होती त्या दिवशी अण्णाने माझी का घेतली?"

मी म्हटलं, कसली?

"लघवी गं. डॉक्टरांना घरातल्या दुसऱ्या बाईचीही लागते, ताडून बघायला, असं म्हणाला. वहिनीची बाटली न्हाणीत ओतलेली दिसली मला. मला वाटलं सांडली असेल."

माझ्या हातातला तांब्या तिथेच पडला. अंबाला मी काही बोलले नाही. ती तेव्हा वेणीत फूल माळायच्या वयाची, तिला काय कळणार होतं. मी तशीच घरात गेले. बाळकृष्णराव झोपाळ्यावर पान लावत बसला होता.

"बाटली अंबाची होती?" मी विचारलं.

त्याने देठ खुडलं, चुना लावला. "मी सांगतो," म्हणाला. लॅबमध्ये बाटल्या तपासायला बसायचा कल्याणराम, आपल्याच घरांतला मुलगा. अंबासाठी त्याच्याच घरी बोलणं चाललं होतं. सरूची बाटली त्याच्या हातात पडली असती तर दोष घराण्याचा आहे हे त्याला तिथल्या तिथे कळलं असतं, आणि अंबाला कोणी करून घेतलं नसतं. "आणि सरूचा आजार तर वैद्याने काढलाच होता. मग मी खोटं काय केलं?"

"आणि डॉक्टरांनी दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा? ती तोंड उघडून पडली होती तेव्हा?"

"तेव्हा सांगायचं तर बाटली कोणाची होती हेही सांगावं लागलं असतं," म्हणाला. मग पान तोंडात घालून माझ्याकडे वर बघितलं. "जा, सांग सगळ्यांना. तुझ्या हाताने अंबाचं लग्न मोड."

बघा कसा होता. पोरीच्या पदराआड लपून बसला. अंबा माझ्या मांडीवर वाढलेली, ती मला कधी वाकडा शब्द बोलली नव्हती. मी तोंड शिवून घेतलं. पण त्या अंगणात येऊन मी सरूला सांगितलं की हे मी गिळलेलं नाही, नुसतं गालात धरलं आहे.

पुढल्या वर्षी अंबाचं कल्याणरामशी लग्न झालं. लग्नात बाळकृष्णराव सगळ्यांना सांगत होता, आमच्या घरात कसलाही आजार नाही. मी करवलीच्या मागे बसून ऐकत होते. लोक सरूबद्दल हळहळले की म्हणायचा, "कॅन्सर. त्याला कोण काय करणार?" इतक्या वेळा म्हणाला की शेवटी त्याचं त्यालाच ते खरं वाटायला लागलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्याने पुन्हा लग्न केलं नाही याचं लोकांना कोण कौतुक. बायकोच्या आठवणीत राहिला म्हणे. कसली आठवण घेऊन बसलात. दोन ठिकाणी बोलणं चाललं होतं, एक ओरत्तनाडूचं, एक इथलंच. दोन्ही घरी मी जाऊन बसले. एक अक्षर बोलले नाही. पाणी प्याले, पान घेतलं नाही, बसून राहिले आणि उठून आले. मेलेल्या बायकोची थोरली बहीण येते आणि काही बोलत नाही म्हटल्यावर मुलीच्या आईला जे कळायचं ते कळतं. दोन्ही स्थळं गेली. मला त्या दोन्ही रात्री छान झोप लागली.

सदुसष्ट साली त्याच्या जिभेला फोड आला. ज्या गालात तंबाखू धरायचा त्याच बाजूला. आधी हळद लावली, मग तूप, मग पापनाशमचा वैद्य. शेवटी डॉक्टर सांबशिवांकडे गेला तेव्हा जिभेचा कॅन्सर निघाला. मद्रासला नेऊन रेडियमचा उपचार केला, थोडं थांबलं, मग पुन्हा वाढलं. जीभ दगडासारखी झाली. बोलणं गेलं. घशातून नुसता घोगरा आवाज यायचा. ज्याने सगळ्या गावाची उत्तरं दिली त्याला पाणी मागता येईना. अंबाने मला निरोप धाडला आणि मी हॉस्पिटलात गेले. सेवेला गेले असं म्हणायची सोय आहे. मी बघायला गेले होते.

डॉक्टर सांबशिव आता पिकले होते. त्यांनी मला ओळखलं. "तुमच्या बहिणीनंतर मी हे औषध देताना प्रत्येकाला दोनदा विचारतो," मला म्हणाले. मग बाळकृष्णरावाच्या खाटेशी बसले. तेच औषध, तोंडाच्या कॅन्सरलाही देतात, उपयोग होण्याचा संभव आहे. पण मूत्रपिंड धड हवं. "कधी पाय सुजले होते? लघवीची तक्रार?"

त्याने मान हलवली. नाही. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं, त्याने दुसऱ्यांदा मान हलवली. वर्षापूर्वी त्याचेही पाय सुजले होते, तेव्हापासून त्याचं सांबार अंबा बिनमिठाचं वेगळं काढून धाडत होती, आणि पापनाशमचे काढे उशाशी होते. डॉक्टरांनी पाय दाबून बघितले, सूज नव्हती, मिठावाचून ती कुठून असणार? "ठीक आहे, लघवी बघतो आणि सुरू करतो," असं म्हणून त्यांनी बाटली त्याच्या हातात दिली आणि पुढच्या खाटेकडे गेले.

त्याच्या मनात काय होतं ते मला लख्ख दिसत होतं. दोष निघाला तर औषध मिळणार नाही, औषध नाही म्हणजे संपलं. सरू कॅन्सरने गेली, औषधाने नव्हे, हे त्याने स्वतःला पढवून ठेवलं होतं. त्याला ते औषध हवं होतं. जीव तोडून हवं होतं.

त्याने बाटली अंबाच्या पुढे केली.

रिकामी. बोलता येत नव्हतं म्हणून बोटाने दाखवलं, आधी तिला, मग बाटलीला. अंबा आता दोन मुलांची आई, लॅबवाल्याची बायको. ती बाटलीकडे बघत राहिली. मग तिने दोन्ही हात पाठीमागे नेले. "अक्का," ती म्हणाली, "वहिनीच्या वेळी..."

"हो," मी म्हटलं.

अंबा भिंतीला टेकली. रडली नाही. त्याने तिच्याकडे बघितलंही नाही. बाटली तशीच वळवून माझ्यापुढे धरली. मी मोठी, माझी मूत्रपिंडं ठणठणीत, सगळ्या घराला माहीत. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्यापुढे हात जोडायला त्याने दुसरा हात उचलला, पण बाटलीमुळे जोडता येईना.

मी बाटली घेतली.

न्हाणी चार पावलांवर होती. आत जायचं, भरायची, त्याच्या नावाने द्यायची. स्वच्छ निघाली असती. त्याला ते पिवळं औषध भरपूर मिळालं असतं, त्याने हात जोडून मागितलेलं. मग तोंडातलं उरलंसुरलं कातडं सुटलं असतं, हिरड्या वाहिल्या असत्या, आणि पाण्याला नको म्हणायला त्याच्याकडे डोळेच उरले असते. हे सगळं मी उभ्या उभ्या बघितलं, अगदी शेवटपर्यंत. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. सरूला नेलं त्याच वाटेने त्याला नेता येत होतं, आणि मला कोणी बोटही लावू शकलं नसतं.

पण मग लोक काय म्हणाले असते? कॅन्सर, त्याला कोण काय करणार. बायकोच्या मागोमाग गेला बिचारा. आणि सरूची बाटली न्हाणीत ओतली होती ती ओतलेलीच राहिली असती. इतकं स्वस्तात मी त्याला सोडणार नव्हते.

मी बाटली परत त्याच्या हातात ठेवली. "बाळू," मी म्हटलं, सरूच्या लग्नानंतर पहिल्यांदा, "भर. तुझी तू भर. मी इथे उभी आहे."

त्याने बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग भरली.

ती मी स्वतः घेऊन गेले, पदराखाली न झाकता. कल्याणराम लॅबमध्ये होता. त्याने नळीत थोडी लघवी ओतली, स्पिरिटच्या दिव्यावर वरचा भाग तापवला, आम्लाचा थेंब टाकला. वरचा भाग पांढराफटक झाला, दूध नासावं तसा. "अक्का, हे चांगलं नाही," तो म्हणाला, "दोष बराच जुना दिसतो."

"सरूची बाटली तुझ्याकडे आली असती तर तीही अशीच पांढरी झाली असती," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. कोणाची बाटली, कोणाच्या नावाने, आणि कशासाठी.

कल्याणराम स्टुलावर बसला. दिवा विझवायचंही त्याला सुचेना. "त्या दिवशी माझ्या हाताने मी स्वच्छ म्हणून लिहिलं," तो म्हणाला. मग वर बघून म्हणाला, "मला सांगितलं असतं तरी मी अंबाला करून घेतलंच असतं, अक्का. आईला मी समजावलं असतं. माझ्या मनात तेव्हाच भरली होती ती."

हे मी वर जाऊन बाळूला शब्द न् शब्द ऐकवलं. अंबासमोर. तुझ्या खोट्याची कोणाला गरजच नव्हती, सरू उगाच गेली, असं सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून पडला. मी खाटेला वळसा घालून भिंतीच्या बाजूला गेले आणि पुन्हा सांगितलं.

डॉक्टर सांबशिव आले, नळी बघितली, आणि विचारायला वाकले. "मी सांगते," मी म्हटलं. आजीचं, काकाचं, सरूच्या पायांचं, वैद्याचं, बिनमिठाच्या सांबाराचं आणि दोन्ही बाटल्यांचं. त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "हे तेव्हा कळलं असतं तर अगदी थोडं थोडं, रोज तपासत दिलं असतं, नाहीतर वाट बदलली असती," म्हणाले. "वाचलीच असती असं नाही सांगत. पण अशी गेली नसती." बाळूला त्यांनी ते औषध दिलं नाही. मद्रासला विचारून दुसरा बेताचा उपचार केला. सरूला जे खरं उत्तर मिळालं नाही ते त्याला मिळालं आणि त्यावर तो वर्षाहून जास्त जगला. माझ्यामुळे जगला, याची मी त्याला रोज जाऊन आठवण करून देत होते.

शेषगिरी, आता तुझी आठवण काढते. बाळू हॉस्पिटलातून घरी आल्यावर मंडळींनी त्याचा सत्कार करायचं ठरवलं. तुम्ही सगळे शाल घेऊन त्याच्या हॉलमध्ये जमलात. तो खुर्चीत बसला होता, गळ्याशी पंचा, तोंड पुसायला. मागे अंबा आणि कल्याणराम उभे होते. तू भाषण केलंस. चिटणीस म्हणून छान बोलतोस तू. शेवटी म्हणालास, "सरस्वतीबाई कॅन्सरने गेल्या, पण बाळकृष्णरावांनी त्यांच्या आठवणीत एकट्याने..."

"थांब," मी म्हटलं. "सरू कशी गेली ते मी सांगते."

आणि सांगितलं. तिथे बसलेल्या प्रत्येक घराला सांगितलं, प्रत्येकाच्या आईबहिणीला सांगितलं. कोणी उठलं नाही. अंबाने मला अडवलं नाही, कल्याणरामनेही नाही. तू शाल हातात घेऊन उभाच होतास.

मी त्याच्या खुर्चीसमोर गेले. व्हरांड्यात त्याने मला विचारलं होतं तसंच विचारलं. "खरं आहे ना, बाळू?"

त्याने अंबाकडे बघितलं. मग तुम्हा सगळ्यांकडे. मग सगळ्यांसमोर मान हलवली, हो म्हणून. तेवढ्यासाठीच मी त्याला जगवला होता.